उशिरा आलेल्या माणसाचे काय?

ग्रीकांनी माणसाला विचार करावयास शिकविले आणि ख्रिस्ती धर्माने त्याला गुडघे टेकावयास लावले, असे एक समीकरण आपल्याकडील विवेकवादी लेखनात बऱ्याच काळापासून रूढ आहे. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल यांची नीती बुद्धीवर उभी. येशूच्या अनुयायांची नीती नरकाच्या भयावर आणि स्वर्गाच्या आमिषावर उभी. म्हणून पहिली प्रौढांची आणि दुसरी पोरांची, असा त्या समीकरणाचा सारांश. याच्या नेमके उलट समीकरण धर्मप्रचारकी लेखनात आढळते. त्यानुसार ग्रीक नीती म्हणजे मूठभर सुखवस्तू नागरिकांची थंड, अहंमन्य शिस्त होती, आणि करुणा नावाची गोष्ट जगात आली ती बेथलेहेममधून.

दोन्ही समीकरणे मूळ ग्रंथ उघडताच डळमळू लागतात. परलोकातील शिक्षेचे भय ही ख्रिस्ती मंडळींची निर्मिती नव्हे. प्लेटोचे 'गॉर्जियस', 'फीडो' आणि 'रिपब्लिक' हे तिन्ही संवाद अखेरीस मरणोत्तर न्यायनिवाड्याच्या कथेकडे वळतात. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात अर्डिएउस नामक जुलमी राजाला काट्याकुट्यांतून फरफटत नेऊन टार्टारसच्या खाईत फेकले जाते. मध्ययुगातील एखाद्या पाद्र्यालाही हे वर्णन अपुरे वाटू नये. ॲरिस्टॉटल तर परलोकाच्या वाटेला न जाताही, आपल्या नीतिशास्त्राच्या शेवटच्या प्रकरणात स्पष्ट सांगतो की बहुसंख्य माणसे युक्तिवादाने नव्हे, शिक्षेच्या धाकाने वळणावर राहतात. म्हणून कायदा हवा. दुसऱ्या बाजूने पाहता, एपिक्युरसच्या बागेत स्त्रियांना आणि गुलामांना प्रवेश होता, आणि स्टोइक पंथाचा एक थोर आचार्य एपिक्टेटस हा स्वतः गुलामीतून वर आला होता. तेव्हा ग्रीक नीती केवळ मूठभरांची, हेही पुरते खरे नाही.

मग या दोन परंपरांमध्ये फरक कोठे आहे? आमच्या मते तो बुद्धी आणि श्रद्धा यांच्यात शोधू नये. फरक श्रोत्यामध्ये आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ज्याच्याशी बोलतो तो बहुधा तरुण आहे, त्याचे आयुष्य अजून घडायचे आहे, आणि कसे जगावे हा त्याचा प्रश्न आहे. शुभवर्तमान ज्याच्याशी बोलते त्याचे आयुष्य बरेचसे होऊन गेले आहे, आणि ते वाईट गेले आहे. त्याचा प्रश्न आता काय, हा आहे. एकाच कसोटीवर दोघांना घासून पाहायचे असेल तर हीच कसोटी घ्यावी: जो उशिरा आला, त्याला तुमच्या नीतीत जागा आहे काय?

या फरकाचा माग दोन शब्दांत काढता येतो, आणि गंमत अशी की दोन्ही शब्द ग्रीकच आहेत. कारण नवा करार ग्रीक भाषेतच लिहिला गेला. पहिला शब्द 'हामार्तिया'. त्याच्या क्रियापदाचा मूळ अर्थ नेम चुकणे. होमरच्या काव्यात भाला लक्ष्यावर न लागता भलतीकडे गेला की हेच क्रियापद येते. ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात शोकनायकाचा अधःपात ज्या चुकीमुळे होतो, ती हामार्तिया. नव्या करारात तोच शब्द येतो आणि आपण त्याचे भाषांतर 'पाप' असे करतो. दुसरा शब्द 'मेटानोइया'. अभिजात ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मागाहून सुचलेला विचार किंवा मत पालटणे एवढाच. सभेत आधी एक ठराव करून दुसऱ्या दिवशी मन बदलावे, तसे. नव्या करारात मात्र योहान बाप्तिस्मा देणारा आणि येशू या दोघांच्याही उपदेशाचा आरंभ याच शब्दाने होतो. मराठी बायबलने तेथे 'पश्चात्ताप' हा शब्द योजला आहे. थोडे अवांतर करून सांगायचे तर, या भाषांतरात मागाहून होणारा ताप उतरला, पण मनाचे वळणे थोडे निसटले. मूळ शब्दात भाजणे नाही, पालटणे आहे.

शब्द तेच, परंतु त्यांचे वजन बदलले. असे का व्हावे?

सॉक्रेटिसपासून सुरुवात करू. 'प्रोटागोरस' संवादात तो जे मत मांडतो ते ऐकताच चमत्कारिक वाटते: जाणूनबुजून कोणीही वाईट करीत नाही. जो वाईट करतो त्याला खरे हित कशात आहे हे कळलेले नसते. म्हणजे दुराचार हे मुळात अज्ञान. यात एक मोठे औदार्य आहे हे नाकारता येणार नाही. ज्याचा गुन्हा अज्ञान, त्याचा द्वेष कशाला करावा? त्याला शिकवावे. 'गॉर्जियस'मध्ये सॉक्रेटिस आणखी पुढे जातो. अन्याय करून शिक्षेतून सुटणारा माणूस हा दुखणे लपवून वैद्याला टाळणाऱ्या रोग्यासारखा आहे. शहाणा असेल तर त्याने आपण होऊन न्यायाधीशाकडे धावत जावे, असे तो म्हणतो. बिघडलेल्या माणसाला ग्रीक तत्त्वज्ञानाने दिलेले हे सर्वांत सरळ उत्तर. परंतु त्याच संवादाच्या शेवटी काही आत्मे असाध्य ठरतात, आणि त्यांचा उपयोग इतरांना दहशत बसावी एवढाच उरतो.

ॲरिस्टॉटलला गुरूच्या गुरूचे हे अज्ञानाचे गणित पटले नाही. माणसाला चांगले काय ते कळते आणि तरीही त्याचा पाय घसरतो, हे रोजच्या व्यवहारात दिसत असता ते नाकारायचे कसे? म्हणून त्याने शीलाचा पाया ज्ञानात न शोधता सवयीत शोधला. वीणा वाजवून माणूस वीणावादक होतो, न्यायाने वागून न्यायी. लहानपणापासून कोणत्या सवयी लागल्या याने थोडाथोडका नव्हे, सगळाच फरक पडतो असे तो सांगतो. नीतिशास्त्राच्या व्याख्यानाला येणाऱ्याने आधीच चांगल्या वळणात वाढलेले असावे, ही त्याची प्रवेशाची अट आहे. माणूस घडतो कसा याचे याहून समंजस विवेचन आम्ही तरी वाचलेले नाही. आजही कोणी मूल वाढवीत असेल तर त्याने धर्मग्रंथांआधी हे वाचावे, असे आमचे प्रांजळ मत आहे.

पण याच विवेचनाच्या पोटात एक कठोर गोष्ट दडलेली आहे. तिसऱ्या भागाच्या पाचव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल एक दृष्टान्त देतो. दगड हातात आहे तोवर तो फेकावा की न फेकावा हे तुमच्या हाती. एकदा सुटला की तो परत बोलाविता येत नाही. अन्यायी माणसाला प्रारंभी अन्यायी न होणे शक्य होते, म्हणून तो दोषी. परंतु एकदा तसा झाल्यावर केवळ इच्छा केली म्हणून तो न्यायी होणार नाही, जसा रोगी केवळ इच्छेने बरा होत नाही. शीलाला सवयीचा आधार दिला की त्याची ही किंमत द्यावीच लागते. जी सवय सज्जनाला तारते तीच दुर्जनाला जखडते.

येथे ॲरिस्टॉटलवर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. संयम सुटलेला पण त्याची खंत बाळगणारा माणूस सुधारण्याजोगा आहे, आणि ज्याला खंतच वाटत नाही तो असाध्य, असा भेद त्याने सातव्या भागात केला आहे. तसेच 'कॅटेगरीज' या तर्कशास्त्रावरील ग्रंथात, वाईट माणसाला चांगल्या संगतीत आणि चांगल्या बोलण्यात आणले तर तो थोडा तरी पुढे सरकेल, आणि थोडा सरकला तर कदाचित पूर्णही पालटेल, असे एक आशादायी वाक्य येऊन जाते. म्हणजे दार अगदीच बंद नाही. परंतु हे वाक्य तर्कशास्त्रात, विरुद्ध गुणांच्या चर्चेत उदाहरण म्हणून आले आहे. नीतिशास्त्राच्या ग्रंथात त्याचे प्रकरण झालेले नाही, ही गोष्ट आम्हाला बोलकी वाटते.

स्टोइकांकडे वळावे तर तेथे चित्र अधिकच विलक्षण दिसते. सेनेका सांगतो की रात्री दिवा मालवला, पत्नी निजली की तो आपल्या दिवसाचा झाडा घेतो. कोठे चुकलो, कोणाला उगाच दुखावले, हे स्वतःपासून लपवीत नाही आणि या खेपेला स्वतःला सोडून देतो. आपला दोष ओळखणे हा बरे होण्याचा आरंभ आहे, हे एपिक्युरसचे वचनही तो पसंतीने उद्धृत करतो. येथवर आपण जणू एखाद्या ख्रिस्ती संन्याशाच्या खोलीत बसलो आहोत असे वाटते. परंतु दुसऱ्याला क्षमा करण्याची वेळ आली की वाट फुटते. तरुण नीरोसाठी लिहिलेल्या दयाबुद्धीवरील ग्रंथात सेनेका म्हणतो की ज्ञानी पुरुष सौम्य असेल, पण कळवळणार नाही, कारण कळवळा हे मनाचे दुखणे आहे; आणि तो क्षमाही करणार नाही, कारण क्षमा म्हणजे योग्य शिक्षा माफ करणे, आणि ज्ञानी पुरुष जे करू नये ते करीत नाही. तो शिक्षा सौम्य करील, समजावील, सुधारील. फक्त त्याला क्षमा म्हणणार नाही. पुढे इ.स. ५९ मध्ये नीरोने आपल्या आईला ठार करविले, तेव्हा सीनेटला पाठवावयाचे समर्थनाचे पत्र सेनेकाच्या लेखणीतून उतरल्याचा बोल त्याला लागला, असे टॅसिटस नोंदवितो. त्या रात्रीच्या झाड्याची वही आपल्यापर्यंत पोचलेली नाही.

हे सारे मनात ठेवून लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय वाचला की धक्का बसतो. उधळ्या पुत्राची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण आपले लक्ष धाकट्यावर खिळते आणि थोरला निसटतो. थोरला मुलगा हा ॲरिस्टॉटलचा आदर्श शिष्य आहे. लहानपणापासून चांगल्या सवयी, बापाची आज्ञा कधी मोडलेली नाही, शेतावर राबून आलेला. धाकट्यासाठी पुष्ट वासरू कापले गेले हे कळल्यावर तो घरात यायला नकार देतो, आणि खरे सांगायचे तर त्याचा मुद्दा बिनतोड आहे. न्यायाच्या हिशेबात बाप चुकलेला आहे. गोष्टीतही बाप त्याचा हिशेब खोडून काढीत नाही. तो बाहेर येऊन त्याची विनवणी करतो एवढेच. कथा थोरला आत गेला की नाही हे न सांगताच संपते.

प्राचीन जगातल्या एका सुशिक्षित माणसाने नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले होते. केल्सस त्याचे नाव. इ.स. १७८ च्या सुमारास त्याने ख्रिस्ती धर्मावर एक टीकाग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथ लुप्त झाला, परंतु सत्तर वर्षांनी ओरिजेनने त्याचे खंडन करताना इतके उतारे दिले की प्रतिपक्षाच्या प्रामाणिकपणामुळेच केल्सस वाचला. केल्ससची तक्रार अशी: इतर गूढपंथांत दीक्षेसाठी बोलाविताना ज्याचे हात स्वच्छ आहेत, जो नीट जगला आहे, त्याने यावे अशी दवंडी असते. हे ख्रिस्ती लोक मात्र पापी, मूर्ख, अभागी यांना बोलावितात. ज्याने पाप केले नाही त्याने काय अपराध केला? आणि मग तो आपल्या मनातले खरे बोलतो. स्वभावाने आणि सवयीने जे वाईट झाले आहेत त्यांना शिक्षेनेही कोणी पुरते बदलू शकत नाही, मग दयेने कोठून बदलणार? ॲरिस्टॉटलचा दगड येथे पुन्हा हवेत आहे.

ओरिजेनचे उत्तर आम्हाला या सबंध वादातील सर्वांत मनोज्ञ भाग वाटतो. तो बायबल पुढे करीत नाही. तो ग्रीकांची उदाहरणे ग्रीकांना परत करतो. तुमच्याच तत्त्वज्ञानाने दोन माणसे बदलली नाहीत काय, असे तो विचारतो. एक फीडो, ज्याला सॉक्रेटिसने कुंटणखान्यातून तत्त्वज्ञानाकडे आणले. दुसरा पोलेमोन. हा अथेन्सचा एक व्यसनी तरुण. नशेत, डोक्यावर फुलांची माळ घालून झेनोक्रेटिसच्या वर्गात घुसला. झेनोक्रेटिसने व्याख्यान थांबविले नाही. संयमावर बोलत होता, तो बोलत राहिला. पोलेमोन ऐकू लागला आणि पुढे झेनोक्रेटिसनंतर प्लेटोच्या अकादमीचा प्रमुख झाला. (आपल्याला वाल्या कोळी आठवेल, पण वाल्याला वारूळ चढेपर्यंत जप करावा लागला, पोलेमोनला एक व्याख्यान पुरले.) बदल शक्य आहे हे तुम्हीच दाखविले आहे, फक्त तुमच्याकडे अशी उदाहरणे एक-दोन आणि आमच्याकडे गर्दी, असा ओरिजेनचा रोख. संख्येचा दावा बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच. ग्रीकांच्या अनुभवात हा माणूस होता, त्यांच्या सिद्धान्तात तो मावत नव्हता.

तो ख्रिस्ती सिद्धान्तात मावला याचे कारण तेथे रोगाचे निदानच वेगळे होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल कबूल करतो की चांगले काय ते त्याला कळते, ते करण्याची इच्छाही आहे, आणि तरी हातून भलतेच घडते. सॉक्रेटिसच्या लेखी हा माणूस अशक्य. ॲरिस्टॉटलच्या लेखी तो एक दुबळा प्रकार. पौलाच्या लेखी तो मी आणि तुम्ही, सर्वच. ज्या नीतीत प्रत्येक जण उशिराच आलेला आहे, तेथे उशिरा आलेल्याला वेगळी रांग लागत नाही. हाच पौल अथेन्समध्ये एपिक्युरियन आणि स्टोइक मंडळींसमोर बोलला तेव्हा त्याच्या भाषणात मेटानोइयाचे आवाहन होते. प्रेषितांच्या कृत्यांत नोंदले आहे की मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येताच काही जण हसले. आम्हाला मात्र वाटते की हसण्याचे खरे निमित्त अगोदरच येऊन गेले होते. राजा असो वा हमाल, सर्वांनीच मन पालटले पाहिजे, म्हणजे अरिओपागसवर बसलेल्या सभ्य गृहस्थांनीसुद्धा, हे ऐकून घेणे सोपे नव्हते.

येथवर आमचा कौल कोणीकडे आहे हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. बिघडलेल्या माणसाबाबत ख्रिस्ती परंपरेने जे पाहिले ते ग्रीकांनी पाहिले नाही, किंवा पाहून बाजूला ठेवले. परंतु या दाराच्या किल्ल्या पुढे कोणाच्या कमरेला लागल्या, हेही पाहिले पाहिजे.

सम्राट कॉन्स्टन्टाइनने इ.स. ३२६ मध्ये आपला मुलगा क्रिस्पस आणि पाठोपाठ पत्नी फाउस्टा यांना ठार करविले. मूर्तिपूजक इतिहासकार झोसिमस सांगतो की त्याने जुन्या धर्माच्या पुरोहितांकडे शुद्धी मागितली. अशा कृत्याला आमच्याकडे शुद्धी नाही असे त्यांनी सांगितल्यावर तो ख्रिस्त्यांकडे वळला, कारण त्यांच्याकडे सर्व धुऊन निघत होते. ही कथा कालक्रमात बसत नाही. सोझोमेन या ख्रिस्ती इतिहासकाराने तिचे खंडन करताना दाखविले आहे की कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्त्यांच्या बाजूचे कायदे क्रिस्पसच्या मृत्यूपूर्वीच केले होते. कथा रचलेली आहे, पण ती ज्या शंकेतून रचली गेली ती शंका खोटी नाही. सम्राट जुलियनने, म्हणजे त्याच घराण्यातील पुतण्याने, आपल्या उपहासिकेत येशूच्या तोंडी व्यभिचारी आणि खुनी यांना खुले आमंत्रणच घातले आहे: या, धुऊन देतो, पुन्हा कराल तर पुन्हा धुऊन देतो. आणि कॉन्स्टन्टाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मृत्युशय्येवर. त्या काळी ही चाल अनेकांची होती, कारण बाप्तिस्म्याने मागचे सर्व पुसले जाते आणि त्यानंतर मोठ्या पापाला फार तर एकच संधी, असा आरंभीच्या चर्चचा दंडक होता. मग शहाणा माणूस बाप्तिस्मा शेवटासाठी राखून ठेवणार! उशिरा आलेल्यासाठी उघडलेल्या दारातून मुद्दाम उशिरा येणारे शिरू लागले.

पुढचा इतिहास आपण भरभर ओलांडू. ऑगस्टीनने, ज्याच्या 'कबुलीजबाबा'त उशिरा आलेल्या माणसाचे सर्वोत्तम चित्र आहे त्यानेच, पश्चात्तापाची इच्छासुद्धा देवाच्या कृपेवाचून होत नाही असे ठरविले. माणूस स्वतःच्या संकल्पाने सुधारू शकतो म्हणणारा पेलाजियस ४१८ मध्ये पाखंडी ठरला. ईश्वराकडे न वळलेले सद्गुण हे वस्तुतः दुर्गुणच, हे 'ईश्वराचे नगर' या ग्रंथातील ऑगस्टीनचे मत आम्हाला सबंध ख्रिस्ती नीतिविचारातील सर्वांत कृपण वाक्य वाटते. सॉक्रेटिसने विषाचा प्याला घेतला आणि पळून जाण्याची सोय असताना तो पळाला नाही. त्याला दुर्गुणी ठरविण्यासाठी फारच मोठा सिद्धान्त हवा. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. १५१७ पर्यंत शिक्षेची सूट पैसे मोजून मिळू लागली होती, आणि ल्यूथरच्या पंच्याण्णव प्रमेयांतील पहिलेच प्रमेय, सबंध आयुष्य हाच पश्चात्ताप असावा, अशा आशयाचे निघाले.

पण याहून खोल असा एक दोष आहे, आणि तो कोणत्याही भ्रष्ट पाद्र्यावर ढकलता येत नाही. ३९० मध्ये थिओडोसियस या ख्रिस्ती सम्राटाच्या आज्ञेने थेस्सालोनिकाच्या नागरिकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप ॲम्ब्रोस याने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले आणि सम्राटाने राजचिन्हे उतरवून सर्वांदेखत पश्चात्ताप केला. एका धर्मगुरूने सत्तेला वाकविले म्हणून ही घटना गौरवाने सांगितली जाते, आणि तो गौरव रास्त आहे. तरीही आम्ही विचारतो, क्षमा कोणी केली? ॲम्ब्रोसने, देवाच्या वतीने. थेस्सालोनिकाच्या विधवांना कोणी विचारले होते? पाप हा देव आणि पापी यांच्यातील व्यवहार झाला की ज्याचे नुकसान झाले तो तिसरा ठरतो. येथे थंड म्हणून हिणवलेला ॲरिस्टॉटल कामाला येतो. नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात तो सांगतो की एकाने दुसऱ्याचे नुकसान केले तर दोघांची श्रेष्ठता-कनिष्ठता न पाहता, एकाकडचे जास्तीचे काढून दुसऱ्याची तूट भरून द्यायची. यात भावना नाही, अश्रू नाहीत, पण ज्याला लुबाडले गेले तो हिशेबात आहे.

शुभवर्तमानातच एक प्रसंग असा आहे की जेथे हे दोन्ही एकत्र येतात, आणि तो उधळ्या पुत्राइतका प्रसिद्ध नसावा याचे आम्हाला नवल वाटते. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय. ठेंगणा म्हणून उंबरावर चढून बसलेला. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरतो, तेव्हा जक्कय रडत नाही, आपण किती पापी हे सांगत नाही. तो उभा राहून आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत. येशू त्याला यावर एका शब्दाने उपदेश करीत नाही.

मराठी वाचकाला या साऱ्याची एक जवळची कहाणी ठाऊक असते. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आश्रम दाखविला. तेथे 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना माणूस म्हणून वागविले जात होते. रमाबाई शास्त्रे कोळून प्यालेल्या होत्या. अशा स्त्रियांविषयी शास्त्रे काय सांगतात हे त्यांना पाठ होते. असे काही आपल्या देशात कधी पाहिले नव्हते, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे. या ख्रिस्ती स्त्रिया असे का वागतात, हे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली गेली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्या मतांसाठी भांडल्या, तो भाग निराळा. केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा स्त्रियांसाठी वेगळे घर काढले, त्याचे नाव 'कृपासदन'. आणि मुक्तीमधील दिनक्रम पाहावा तर छापखाना, विणकाम, शेती, शिक्षण. कृपेच्या नावाने दार उघडले, आणि आत शिरल्यावर ॲरिस्टॉटलची शाळा.

परंतु 'पतित' हा शब्द आम्हाला बोचतो. कृपासदनात येणाऱ्या बालविधवेने किंवा फसवून विकलेल्या मुलीने कोणते पाप केले होते? क्षमेची भाषा एवढी मोठी झाली की जिच्यावर अन्याय झाला तीही क्षमा मागणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसली, आणि जो अन्याय करून गेला त्याला शोधण्याचे कारणच कोणाला उरले नाही. ओरिजेनच्या उदाहरणातही तेच घडले आहे. पोलेमोन बिघडला होता हे कबूल, पण फीडो? तो एलिस नगरातील चांगल्या घराण्यातला मुलगा. नगर पडल्यावर कैद होऊन गुलाम म्हणून विकला गेला आणि अथेन्सच्या कुंटणखान्यात बसविला गेला, असे डायोजिनिस लेअर्टियस सांगतो. सॉक्रेटिसच्या सांगण्यावरून त्याच्या मित्रांनी त्याला सोडविले. ओरिजेनने त्याला सुधारलेल्यांच्या यादीत घातले. वस्तुतः तो सुटलेल्यांच्या यादीतला आहे.

प्लेटोने ज्या संवादाला त्याचे नाव दिले त्यात फीडोच्या पूर्वायुष्याबद्दल एक अक्षर नाही. इ.स.पू. ३९९ मधील तो शेवटचा दिवस. तुरुंगाच्या खोलीत सॉक्रेटिस खाटेवर, फीडो त्याच्या उजव्या बाजूला, खालच्या बैठकीवर. युक्तिवाद अडला आहे, मंडळी खिन्न आहेत. सॉक्रेटिस फीडोच्या मानेवर रुळणाऱ्या केसांतून हात फिरवितो आणि म्हणतो की उद्या तू बहुधा हे सुंदर केस कापशील, कारण अथेन्समध्ये दुखवट्याची तशी रीत होती. मग तो त्याला सांगतो की आपला युक्तिवाद मेला आणि त्याला जिवंत करता आले नाही, तर केस आजच कापू, तू तुझे आणि मी माझे. त्यानंतर दोघे पुन्हा वादाकडे वळतात.